सहा आठवड्यांच्या उन्हावर जगणारी डायसेंट्रा

अमेरिकेच्या पूर्व भागात, मिशिगन-ओहायोपासून खाली ॲपलाचियन डोंगरांपर्यंत, मेपल, बीच, ओक अशा झाडांची पानगळी जंगलं आहेत. भर उन्हाळ्यात या जंगलात शिरलं तर दुपारीही पायाखाली गडद सावली असते. वरच्या पानांतून सुटून जमिनीपर्यंत पोचणारं ऊन शंभरात दोन-चार टक्के. हिवाळ्यात झाडं उघडी असतात, ऊन थेट खाली उतरतं, पण तेव्हा जमीन गोठलेली असते. म्हणजे बर्फ वितळल्यापासून वरचं पानांचं छत मिटेपर्यंत मधे जेमतेम सहा ते आठ आठवडे मिळतात. तेवढ्याच दिवसांत ऊन, ओल आणि मऊ जमीन ही तिन्ही एकत्र येतात.

या मुदतीत आपलं अख्खं वर्ष उरकून घेणाऱ्या रानफुलांना तिकडे 'स्प्रिंग इफेमेरल्स' म्हणतात. त्यांच्यातली सगळ्यात विचित्र दिसणारी म्हणजे डायसेंट्रा. ही एका फुलाची जात नाही, अख्खी प्रजाती, म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट आहे, आणि ती आपल्या ओळखीच्या कुळातली आहे. अनारशावर जी खसखस लागते, तिचंच कूळ. पापाव्हरेसी.

डायसेंट्राचं फूल पाहून हे नातं कुणाच्या डोक्यात येणार नाही. खसखशीचं फूल मोठं, उघडं, वाटीसारखं वर तोंड करून बसलेलं. डायसेंट्राची फुलं बोटाच्या पेराएवढी, मिटलेली आणि खाली लोंबणारी. शिवाय तिच्या वागण्यात जे जे चमत्कारिक वाटतं, म्हणजे तिची घाई, तिचे कंद, तिचं बंद फूल, मुंग्यांशी असलेला व्यवहार, त्याचे धागे बहुतेक वेळा त्या सहा-आठ आठवड्यांपाशीच जातात. वेळापत्रक कळलं की डायसेंट्रा बरीचशी कळते.

आधी घरातली माणसं ओळखून घेऊ. आजच्या हिशेबाने डायसेंट्रात आठ जाती धरतात. सात उत्तर अमेरिकेत आणि एक ईशान्य आशियात, जपानपासून रशियाच्या पूर्व टोकापर्यंत. पूर्व अमेरिकेच्या जंगलात सर्वांत जास्त दिसते ती डायसेंट्रा कुकुलारिया. पांढरं फूल, कमरेपाशी पिवळी कड, आणि वरच्या अंगाला फाकलेले दोन पोकळ पाय. जुन्या काळचे डच लोक घालत तशी फुगीर विजार पाय वर करून दोरीवर वाळत घातली तर जशी दिसेल, तशी. म्हणून तिचं इंग्रजीतलं नाव डचमन्स ब्रीचेस. एका देठावर अशा पाच-दहा विजारी ओळीने टांगलेल्या असतात. तिची सख्खी बहीण डायसेंट्रा कॅनडेन्सिस. हिचे पाय आखूड आणि गोल, त्यामुळे फूल पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं, आणि हिला हायसिंथच्या फुलासारखा गोड वास असतो. दोघी पुष्कळदा शेजारी शेजारी वाढतात, आणि फूल नसताना नुसत्या पानांवरून त्यांना ओळखायला जाणं म्हणजे पैज हरण्याची तयारी. दोघींची पानं सारखीच बारीक चिरलेली, निळसर झाक असलेली हिरवी.

पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्नियापासून ब्रिटिश कोलंबियापर्यंत डायसेंट्रा फॉर्मोसा आहे, गुलाबी फुलांची. पूर्वेकडच्या डोंगरात तिच्यासारखीच डायसेंट्रा एक्सिमिया. या दोघी मात्र एवढ्या घाईत नसतात, एक्सिमिया तर वसंतापासून शरदापर्यंत थोडी थोडी फुलत राहते. पश्चिमेच्या उंच डोंगरात वितळत्या बर्फाच्या कडेला इवलीशी डायसेंट्रा युनिफ्लोरा येते. एका देठाला एकच फूल, आणि त्याच्या बाहेरच्या पाकळ्या शिंगांसारख्या मागे वळलेल्या, त्यामुळे ते हुबेहूब बैलाचं मुंडकं वाटतं. जपानमधली डायसेंट्रा पेरेग्रिना, तिथल्या भाषेत कोमाकुसा, जंगलात राहतच नाही. ती उंच डोंगरमाथ्यावरच्या सुट्या खडीत वाढते. तेव्हा 'सहा आठवड्यांचं वर्ष' हा काही सगळ्या प्रजातीचा नियम नाही. पूर्वेच्या सावलीच्या जंगलातल्या कुकुलारिया आणि कॅनडेन्सिस या दोघींनी ही युक्ती टोकाला नेली, आणि पुढचं बहुतेक सगळं त्यांच्याबद्दलच आहे.

आणखी एक नाव इथेच निकालात काढलेलं बरं. युरोप-अमेरिकेतल्या बागांत लाल-गुलाबी बदामाच्या माळा लोंबणारं 'ब्लीडिंग हार्ट' तुम्ही फोटोत तरी पाहिलं असेल. ते मूळचं सैबेरिया, उत्तर चीन, कोरियाकडचं. १८४० च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतीशोधकाने चीनमधून ते इंग्लंडला धाडलं आणि ते तिथे बागाबागांत शिरलं. त्याला कित्येक वर्षं डायसेंट्रा स्पेक्टाबिलिस म्हणत. पुढे १९९७ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ माग्नुस लिडेन आणि सहकाऱ्यांनी या सगळ्यांचे डीएनए ताडून पाहिले, तेव्हा हे दिसायला सारखं असलं तरी वेगळ्या फांदीवरचं आहे असं निघालं. आता ते लॅम्प्रोकॅपनॉस. आपल्या हिमालयात उगवणारी पिवळ्या फुलांची एक वेलही अशीच डायसेंट्रातून बाहेर गेली, ती आता डॅक्टिलिकॅपनॉस. नर्सऱ्यांच्या पाट्यांवर जुनी नावं अजून तशीच आहेत, आणि मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. बागेत लावणाऱ्याला झाड ओळखता आलं म्हणजे झालं.

खसखशीशी नातं कसं?

वनस्पतिशास्त्रात रंगरूपापेक्षा मोजदाद जास्त बोलते. खसखशीची कळी उमलताना नीट पाहिली तर बाहेरून तिला दोनच हिरवी निदलं असतात, आणि फूल उघडता उघडता ती गळून पडतात. म्हणूनच उमललेल्या फुलाखाली हिरवी बैठक दिसत नाही. आत पाकळ्या चार, त्याही दोन-दोनच्या दोन फेऱ्यांत. त्याच्या आत पुंकेसरांची गर्दी.

आता डायसेंट्राचं एक फूल हातात घेऊन सोडवू. देठापाशी दोन अगदी बारीक खवले दिसतात, हात लागला तरी गळतात. ती निदलं. मग बाहेरच्या दोन पाकळ्या, ज्यांचे तळ फुगून त्या पोकळ 'विजारी' झाल्या आहेत. त्या बाजूला केल्या की आत आणखी दोन छोट्या पाकळ्या, टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे दोन, मग दोन, मग दोन. हिशेब खसखशीचाच, फक्त बाहेरची जोडी फुगली आणि आतली जोडी चिकटली. पुंकेसर मात्र गर्दीने नाहीत, सहाच आहेत, तीन-तीनच्या दोन जुड्या.

या कुळात दोनाचा पाढा सगळेच म्हणतात असं नाही. आपल्याकडे रस्त्याकडेला, पडीक रानात माजणारा काटेरी पिवळा धोत्रा, ज्याला काही भागांत बिलायत म्हणतात, तोही याच कुळातला, मूळचा अमेरिका खंडातला. त्याची मोजणी तिनाची, निदलं तीन आणि पाकळ्या सहा. त्याचं पान मोडलं की पिवळा चीक येतो. खसखशीच्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक येतो, तो वाळवला की अफू. डायसेंट्राला असा रंगीत चीक नाही, मोडल्यावर पाण्यासारखा रस येतो. या फरकांमुळे डायसेंट्रा, कोरिडॅलिस, आणि उत्तर भारतात गव्हाच्या शेतात तण म्हणून येणारा पित्तपापडा, या मंडळींना बराच काळ स्वतंत्र कूळ देऊन बाहेर ठेवलं होतं. सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणाची 'एपीजी' म्हणून जी यादी जगभर वापरतात, तिच्या २००९ च्या आवृत्तीत ती रीतसर खसखशीच्या घरात आली.

वर्षाचं काम दीड महिन्यात

मार्च-एप्रिलमध्ये, दक्षिणेकडे थोडं आधी आणि उत्तरेकडे थोडं नंतर, कुजलेल्या पानांचा थर सारून डायसेंट्राची पानं वर येतात. एवढ्या थंडीत एवढी चपळाई कशी? तर पुढच्या वर्षीची कळी आदल्या वर्षीच जमिनीखाली तयार होऊन बसलेली असते. वसंतात नवं काही घडवायचं नसतं, जे आहे ते फुगवून वर ढकलायचं असतं. पानं उघडली की लगेच अन्न बनवायला लागतात. त्याच वेळी फूल, त्याच वेळी परागीभवन, मग शेंग, मग बी. मेच्या शेवटी वर झाडांचं छत मिटलं की पानं पिवळी पडतात, आणि जूनमध्ये त्या जागी डायसेंट्रा होती याची खूणही राहत नाही. पुढचे नऊ-दहा महिने सगळं जमिनीखाली.

तिथे असतात छोटे छोटे कंद. कुकुलारियाचे पांढरट-गुलाबी, अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे. कॅनडेन्सिसचे गोल आणि पिवळे, थेट मक्याचे दाणे. तिचं इंग्रजी नाव 'स्क्विरल कॉर्न', खारीचा मका, ते यावरूनच. हे कंद म्हणजे त्या वर्षीची बचत. वसंताच्या दीड महिन्यात जेवढं शिल्लक टाकलं तेवढ्यावर पुढचं पान, पुढची कळी आणि मधला सगळा श्वास भागवायचा असतो. बियाणातून आलेलं रोप पहिल्या वर्षी एखादंच पान काढतं आणि तेवढ्या कमाईवर झोपतं. फूल यायला कित्येक वसंत जातात. कंद सुटे होऊन त्यांचीही नवी झाडं होतात, त्यामुळे एखाद्या उतारावर जो दाट ताटवा दिसतो त्यात खूपशी एकाच झाडाची पिलावळ असू शकते.

कोकणातल्या, ठाणे-पालघर-रायगडच्या वाचकांना हे जगणं परकं वाटू नये. शेवळं ही रानभाजी असंच करते. पाऊस तोंडावर आला की जमिनीतून नुसता कोंब वर काढायचा, पानाचा पत्ता नाही. पान नंतर. बाकीचं वर्ष कंदात. तिथे घड्याळ पाण्याचं आहे, इथे उजेडाचं, एवढाच फरक. आणि शेवळ्याची भाजी करताना घशाला खाज येऊ नये म्हणून काकडाची फळं घालावी लागतात, हेही आठवून ठेवा. जमिनीखाली साठा करणाऱ्याला त्याची राखणही करावी लागते. त्याकडे पुढे येऊच.

राणीसाठी लावलेलं कुलूप

एप्रिलच्या सुरुवातीला जंगलात कीटक असतात तरी किती? फारच थोडे. थंडी अजून पुरती गेलेली नसते. अशा वेळी ज्या येतात त्या बंबलबीच्या राण्या. बंबलबी म्हणजे गुबगुबीत, केसाळ, मोठी मधमाशी. तिची वसाहत एका वर्षाची असते. थंडी आली की कामकरी माशा, नर आणि जुनी राणी, सगळे मरतात. उरतात फक्त फलित झालेल्या तरुण राण्या, ज्या जमिनीत एकेकट्या झोपून हिवाळा काढतात. वसंतात जागं झाल्यावर तिला जागा शोधायची असते, घर बांधायचं असतं, अंडी घालायची असतात आणि हे सगळं एकटीने, भुकेल्या पोटी. उडण्याचे स्नायू जागच्या जागी थरथरवून ती अंग गरम करते, म्हणून ज्या गारव्यात साधी मधमाशी पोळ्यातून बाहेर पडत नाही त्या गारव्यातही तिला फिरता येतं.

डायसेंट्राचं फूल या राणीच्या मापाचं आहे. मकरंद पुंकेसरांच्या जुडीच्या तळाशी पाझरतो आणि वरच्या पोकळ पायांत साठतो, पण फूल लोंबतं असल्यामुळे आणि तोंड खाली असल्यामुळे पाऊस आत शिरत नाही. राणी खालून येते, फुलाला उलटी लटकते आणि पुढच्या पायांनी बाहेरच्या पाकळ्या धरून डोकं वर खुपसते. तसं करताना आतल्या दोन पाकळ्यांची चिकटलेली टोपी बाजूला सरकते. त्या टोपीत पराग असतात, कळीतच बाहेर पडून कुक्षीभोवती जमा झालेले. टोपी सरकली की परागाने माखलेली कुक्षी उघडी पडते आणि राणीच्या अंगाच्या खालच्या बाजूला घासते. राणी गेली की टोपी परत जागेवर. पुढच्या फुलाशी तोच प्रकार, फक्त या वेळी मागच्या झाडाचे पराग पोटाला लागलेले असतात. मकरंदापर्यंत पोचायला लांब जीभ लागते आणि टोपी सारायला ताकद. दोन्ही असलेलं गिऱ्हाईक त्या दिवसांत बहुतेक हीच.

आता जिथे कुलूप आलं तिथे घरफोडी आलीच. आखूड जिभेच्या काही माशा दाराने येतच नाहीत. त्या विजारीच्या वरच्या टोकाला, जिथे मकरंद साठलाय बरोबर तिथे, बाहेरून भोक पाडतात आणि पिऊन जातात. पराग ना घेतले ना दिले. रानात फुलं पाहताना पायांच्या टोकांकडे नीट बघा, तपकिरी कडेचं बारीक छिद्र दिसलं तर समजा चोरी झाली आहे. एकदा भोक पडलं की इतर कीटकही त्याच वाटेने येतात. असं भोक पाडण्यासाठी जी प्रसिद्ध आहे ती 'रस्टी पॅच्ड' नावाची बंबलबी, बॉम्बस ॲफिनिस, २०१७ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या सरकारी यादीत आहे. चोरही नामशेष व्हायच्या वाटेवर असू शकतो. साधी मधमाशी, जी युरोपातून अमेरिकेत नेलेली आहे, तिची जीभ मकरंदाला पुरत नाही, ती फुलाशी झटापट करून पराग मात्र नेते.

मुंगीच्या पाठीवर किती लांब?

मेमध्ये शेंग फुटते. बी काळी, चकचकीत, आणि तिच्या एका कडेला पांढरट मऊ लोंबकळता तुकडा असतो. याला इलायोसोम म्हणतात. त्यात स्निग्ध पदार्थ असतात आणि त्यांची रासायनिक घडण मुंग्यांना मेलेल्या कीटकासारखी भासते. मुंगी तो तुकडा पकडून सबंध बी ओढत वारुळात नेते, तुकडा अळ्यांना खायला घालते आणि उरलेली टणक बी कचऱ्याच्या ढिगावर फेकते. बीला काही इजा नाही. उलट उंदरांपासून सुटका, आणि रुजायला मोकळी, सकस माती. पूर्व अमेरिकेच्या जंगलात हे काम मुख्यतः ॲफिनोगॅस्टर प्रजातीच्या मुंग्या करतात. रुईच्या बियांसारखं वाऱ्यावर उडणं नाही, पक्ष्याच्या पोटातून प्रवास नाही. मुंगी बी नेते ती एखादा-दुसरा मीटर.

इथे एक गंमतीदार कोडं उभं राहतं. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाच्या जाड थराखाली होता. आज ही फुलं जिथे आहेत त्यातल्या बऱ्याच उत्तरेकडच्या जागा तेव्हा बर्फाखालीच होत्या. मग ती तिथे पोचली कशी? १९९८ मध्ये मायकेल केन आणि सहकाऱ्यांनी ॲसारम कॅनडेन्स या अशाच, मुंग्यांवर विसंबून असलेल्या जंगली वनस्पतीचा हिशेब मांडला. मुंग्यांच्या वेगाने ती गेल्या १६,००० वर्षांत फार तर १०-११ किलोमीटर सरकायला हवी होती. प्रत्यक्षात ती शेकडो किलोमीटर उत्तरेला गेलेली आहे. म्हणजे रोजचा हमाल मुंगी असली, तरी क्वचित कधीतरी दुसरंच वाहन मिळत असणार. पुढे न्यूयॉर्क राज्यात हरणांच्या लेंड्यांतून ट्रिलियम या दुसऱ्या मुंगी-आश्रित फुलाच्या बिया उगवून आल्या, तेव्हा त्या वाहनाचा एक तरी मालक सापडला. लाखात एखादी बी हरणाने लांब नेली तरी हजारो वर्षांच्या हिशेबात पुरते.

पण माणसाच्या हिशेबात नाही पुरत. न्यू इंग्लंड, न्यूयॉर्क भागात १८ व्या-१९ व्या शतकात जंगलं तोडून शेती झाली, मग शेतं ओस पडली आणि जंगल परत आलं. वरून पाहिलं तर झाडी सारखीच. खाली मात्र जुन्या, कधीच न नांगरलेल्या तुकड्यात वसंतात फुलांचा सडा, आणि शेजारच्या शंभर वर्षं वयाच्या नव्या जंगलात शुकशुकाट, असं अनेक ठिकाणी दिसतं. मुंगी वर्षाला मीटरभर पुढे जाते, आणि त्या बीचं झाड फुलायला पुन्हा काही वर्षं. म्हणून दाट डायसेंट्रा दिसली की ती जमीन फारशी उकरली गेलेली नाही, असा अंदाज तिकडचे निसर्गप्रेमी बांधतात.

गुरं का लटपटतात

राखणीचं बोलायचं राहिलं होतं. लवकर हिरवं होण्यात धोका असा की त्या वेळी रानात खाण्यासारखं दुसरं काही नसतं. हिवाळाभर वाळलं गवत खाल्लेल्या गुरांना एप्रिलमध्ये जंगलकडेला कोवळी पानं दिसतात आणि ती तुटून पडतात. जमीन ओली असते, उपटलं की कंदही वर येतात. मग जनावर थरथरतं, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, मान मागे ताठ होते, झटके येतात. अमेरिकन शेतकऱ्यांनी डायसेंट्राला 'स्टॅगरवीड' असं नाव ठेवलं ते याच अनुभवावरून.

हे काम अल्कलॉइड या रसायनांचं. आणि खसखशीच्या कुळाची खरी ओळख फुलापेक्षा या रसायनशाळेत आहे. टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल सगळ्याच सजीवांत असतं. हे कूळ त्याचे दोन तुकडे जोडून रेटिक्युलिन नावाचा रेणू बनवतं, आणि तिथून प्रत्येक प्रजाती आपापल्या वाटेने जाते. खसखस मॉर्फिन आणि कोडीनकडे जाते. पिवळा धोत्रा सँग्विनारिनकडे. डायसेंट्रा प्रोटोपिन, बल्बोकॅपनिन अशा पदार्थांकडे. कच्चा माल एक, कारखाने वेगळे. बल्बोकॅपनिनवर हेर्मान डे योंग या डच संशोधकाने १९२० आणि ३० च्या दशकांत प्रयोग केले. ते टोचलं की मांजर जागं असूनही पुतळ्यासारखं होतं, पाय ज्या स्थितीत ठेवाल त्या स्थितीत तसेच राहतात.

या कारखान्यांची दुसरी बाजू आपण भारतात पाहिलेली आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं. पाय सुजणं, धाप लागणं, हृदयावर ताण, आणि ६० हून अधिक मृत्यू. दोषी होतं सँग्विनारिन. धोत्र्याची बी मोहरीसारखीच दिसते, म्हणून ही भेसळ सोपी जाते. डायसेंट्राने माणसं मारल्याचा असा इतिहास नाही, तरी पानं किंवा कंद तोंडात घालू नयेत, आणि बागेत ब्लीडिंग हार्ट लावलं असेल तर लहान मुलं आणि कुत्र्यांवर लक्ष ठेवावं.

विष सगळ्यांनाच लागतं असंही नाही. पश्चिम अमेरिकेतल्या क्लोडियस पार्नासियन या फुलपाखराच्या अळ्या डायसेंट्राचीच पानं खाऊन वाढतात. जपानमध्ये होक्काइदो बेटावरच्या दाइसेत्सुझान डोंगरात याच फुलपाखराचा एक पिवळसर चुलतभाऊ कोमाकुसावर वाढतो. दोन खंड, मधे अख्खा पॅसिफिक, आणि जेवण तेच.

मुदत आखूड होते आहे

आता काळजीचा भाग. अमेरिकन निसर्गलेखक हेन्री डेव्हिड थोरोने १८५० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावाभोवती कुठल्या झाडाला कधी पान फुटलं, कुठलं फूल कधी उमललं याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्याच जागी आजच्या नोंदी लावून २०१९ मध्ये मेसन हेबरलिंग, रिचर्ड प्रायमॅक आणि सहकाऱ्यांनी तुलना केली. वसंत आता लवकर ऊबदार होतो. त्याला झाडांनी साधारण दोन आठवडे आधी पान काढून उत्तर दिलं. जमिनीवरची रानफुलं मात्र एखादाच आठवडा आधी येऊ लागली. झाडं पुढे पळाली, फुलं मागे पडली, आणि मधली उन्हाची मुदत जवळपास आठवड्याने कमी झाली. सहा-आठ आठवड्यांतून एक आठवडा म्हणजे किती, हे पगारातून कापलं गेल्याशिवाय कळत नाही. त्या संशोधकांच्या गणितात रानफुलांची वसंतातली कार्बन कमाई, म्हणजे उन्हात बनवलेलं अन्न, थोरोच्या काळी आजच्यापेक्षा १२ ते २६ टक्के जास्त असावी. हे गणित कॉनकॉर्डच्या रानफुलांच्या एका गटावरून केलेलं आहे, ते जसंच्या तसं डायसेंट्राला लावता येणार नाही. पण जिची सगळी कमाई त्याच मुदतीतली, तिला झळ लागेल असं मानायला जागा आहे.

२०२२ मध्ये हाच प्रश्न तीन खंडांत विचारला गेला, हर्बेरियममधल्या हजारो वाळवलेल्या नमुन्यांच्या आधारे. युरोप आणि आशियात झाडं आणि रानफुलं उबेला साधारण सारखाच प्रतिसाद देतात. उत्तर अमेरिकेत झाडं जास्त चटकन हलतात. त्यामुळे नुकसान व्हायचं तर अमेरिकेतल्या रानफुलांचं आधी होईल.

त्यात आणखी दोन त्रास आहेत. शिकारी प्राणी नाहीसे झाल्यामुळे पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या बेसुमार वाढली आहे, आणि ती जंगलातला खालचा हिरवा थर चरून काढतात. दुसरा त्रास ऐकून आपल्याकडचा शेतकरी बुचकळ्यात पडेल, तो म्हणजे गांडुळं. जिथे बर्फाचे थर होते त्या उत्तरेकडच्या जंगलांत मूळची गांडुळं नाहीत. युरोपातून आलेली आता तिथे पसरत आहेत आणि कुजत्या पानांचा जाड थर फस्त करतात. बारीक रोपांना तोच थर अंथरूण आणि पांघरूण दोन्ही होता. गांडूळ म्हणजे शेतकऱ्याचा मित्र हे शेतात खरं. त्या जंगलात नाही.

ओहायो, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, व्हर्जिनियाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सगळं पाहायला लांब जावं लागत नाही. उत्तरेकडे तोंड असलेला, ओढ्याकाठचा, जुन्या मोठ्या झाडांचा उतार शोधा. ओहायोत साधारण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, मिशिगन-मिनेसोटाकडे एप्रिल अखेर ते मेच्या सुरुवातीला. टेनेसीतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये 'कोव्ह हार्डवुड' ही छोटी पायवाट या फुलांसाठी नावाजलेली आहे, तिथे दोन्ही बहिणी एकत्र भेटतात. पाय फाकलेले आणि टोकदार असतील तर कुकुलारिया. गोल असतील आणि जवळ जाताच वास आला तर कॅनडेन्सिस. कंदाचा रंग पाहायला उकरू नका, नॅशनल पार्कमध्ये तो गुन्हाही आहे. सिएटल-पोर्टलंडकडच्यांना गुलाबी फॉर्मोसा एप्रिलपासून जूनपर्यंत शहरालगतच्या जंगलांतही दिसते, आणि बागेत लावायची असेल तर सगळ्यांत सोशिक तीच. फक्त रानातून न आणता रोपवाटिकेत वाढवलेली घ्यावी, आणि उन्हाळ्यात पानं गेली तर मेली समजून उपटून टाकू नये.